अव्वांनी धुतलेले कीबोर्ड

मुखेडच्या मुख्य रस्त्यावर माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं, आणि त्यात चपला काढून यावं लागायचं. लातूरला ज्या सरांकडं मी कॉम्प्युटर शिकले, त्यांनी बजावलं होतं की धूळ ही या मशीनची सवत आहे. सर लातूरचे. त्यांना मुखेडची धूळ माहीत नव्हती. आमच्याकडं एसटी गेली की पाच मिनिटं समोरचं सलून दिसत नाही. तरी मी दारात पाटी लावली, 'चपला बाहेर काढाव्यात', आणि लोकांनी ती देवळातली असावी तशी पाळली. काहीजण तर हात जोडूनच आत यायचे. मी कुणाला अडवलं नाही. फुकटचा नमस्कार मिळतोय तर कशाला नाही म्हणा.

घोटाळा एवढाच होता की माझ्या डाव्या हाताला चपलांचं दुकान होतं. त्याच्या मालकांना सगळी गल्ली मामा म्हणायची. मामा आपला माल बाहेर, थेट पायरीवर मांडायचे. दहावीचा निकाल ऑनलाइन लागला त्या दिवशी माझ्या दारात एवढे जोड पडले की ती रांग सरकत सरकत मामांच्या मालात कधी मिसळली ते कुणालाच कळलं नाही. नेमका आठवडी बाजार. खेड्यातून आलेल्या एका म्हाताऱ्यानं त्यातला एक जोड पायात घातला, चार पावलं चालून बघितला आणि मामांना भाव विचारला. मामांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. सौदा जवळजवळ झालाच होता. तेवढ्यात एक हेडमास्तर पोरीचा निकाल घेऊन बाहेर आले आणि स्वतःची चप्पल परक्या पायात बघून जागीच थांबले.

"ती माझी हाय," हेडमास्तर म्हणाले.

"तुमची कशी? मी भाव करायलाव की," म्हातारा म्हणाला.

मामा म्हणाले, "भाव ठरल्याबिगर ती कुणाचीच न्हाई."

मी आतून हे ऐकत होते. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं आणि समोरच्या मुलीचा नंबर तीनदा चुकीचा टाकला. तिला तीन परक्या पोरांचे मार्क वाचून दाखवले. चौथ्यांदा तिचे स्वतःचे निघाले तेव्हा तिनं विचारलं, "मॅडम, मघाचेच ठिवता येत न्हाईत का?"

आता त्यातलं काही नाही. मागच्या महिन्यात मुखेडला गेले होते. मामांच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. सलून आहे, पण काचा काळ्या करून घेतल्यात, आत कोण कुणाची दाढी करतंय ते दिसत नाही. उजव्या हाताचं भांड्यांचं दुकान आहे, पण त्यात काकू नाहीत, त्यांचा मुलगा बसतो, आणि तो गिऱ्हाइकाशी भांडत नाही. काय मजा राहिली मग. माझ्या जागेत केकचं दुकान झालंय. दुकान बुडालं म्हणे माझं. असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बुडालं नाही हो, लोकांच्या खिशात गेलं. जे करायला लोक माझ्या दारात चपला काढून, रांग लावून उभे राहायचे, ते आता शेतात उभं राहून, एका हातानं म्हैस धूत धूत करतात. मी काय म्हशीशी स्पर्धा करणार? त्यात पोरीच्या क्लासेससाठी आमचं बिऱ्हाड लातूरला हललं. एका सोमवारी शटर ओढलं ते ओढलंच.

पण मला सांगायचंय ते दुकान गेलं कसं ते नव्हे. ते राहिलं कसं ते. कारण खरं बघितलं तर ते पहिल्याच दसऱ्याला जायचं होतं.

जागा सासूबाईंची होती. त्यांना घरात आणि गल्लीत सगळे अव्वा म्हणायचे, मीही. सासरे होते तोवर तिथं करडईच्या तेलाचं दुकान चालायचं. सासरे गेले, दुकानाला कुलूप लागलं, आणि अव्वांनी त्या कुलपाला वर्षभर कुणाला हात लावू दिला नाही. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यांना दुकानात रस नव्हता. मला होता. मी रेणापूरच्या माहेरची, चार भावांत वाढलेली, आणि तोंडाची फटकळ. लग्नाआधी लातूरला कोर्स केला होता आणि तो पोळ्या लाटण्यात वाया चाललाय असं मला दिवसातून दोनदा वाटायचं. मी अव्वांपुढं विषय काढला. पहिल्यांदा त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. दुसऱ्यांदा भाजी निवडत म्हणाल्या, "दसऱ्यापस्तोर चालव. मंग बघू."

'मंग बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. अव्वांच्या भाच्याला तिथं खत-बियाण्याचं दुकान टाकायचं होतं. तो अधूनमधून यायचा, माझ्यासमोर खिशातून टेप काढायचा आणि भिंत मोजायचा. एकदा तर गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असताना त्याच्या डोक्यावरून टेप धरला. मी म्हणाले, "भावजी, त्यांचं डोकंबी मोजून घ्या, पोती रचायला लागंल." तेव्हापासून तो मी नसताना मोजू लागला.

मी सोड्यानं घासघासून तेलकट फरशी काढली, भिंती रंगवल्या, बँकेचं कर्ज उचलून चार कॉम्प्युटर आणले. अव्वा एकदाही आत आल्या नाहीत. रोज सकाळी महादेवाला जाताना त्यांची वाट माझ्या दारावरूनच होती. चपलांच्या दुकानाकडं बघायच्या, सलूनकडं बघायच्या, भांड्यांच्या दुकानात काकूंशी दोन शब्द बोलायच्या, आणि मधल्या माझ्या दारापाशी आल्या की मान पलीकडं. मला ते फार लागायचं. एक दिवस तरी बघतील म्हणून मी रोज त्या वेळी मुद्दाम खडखड टायपिंग करायचे. काय टाइप करत होते ते माझं मलाही माहीत नसायचं.

आणि मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्याकडं ज्याच्या त्याच्या पोटापाण्याची अवजारं धुतात, पुसतात, देवापुढं मांडून हळदीकुंकू वाहतात. एकदा पूजा झाली की ती दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायची नाहीत. वर्षभर राबलेल्या हत्याराला तेवढा एक दिवस विसावा. मला हे सगळं ठाऊक होतं, पण नवमीच्या आदल्या दिवशी रेणापूरला भावाच्या मुलाचं बारसं होतं, तिथं मुक्काम पडला. दुकानाची किल्ली घरी खुंटीला होती. सकाळच्या एसटीनं परतले, म्हटलं आता दुकान झाडावं आणि मशीनला एक फूल वाहावं.

स्टँडवरून येतानाच मामा दिसले. पायरीवर उभे, चेहरा उतरलेला. "सूनबाई," ते म्हणाले, "अव्वा पहाटं आल्त्या. शटर उघडून काय काय उपसून नेलं बगा. मी इचारलं तर काय बोलल्या न्हाईत."

मी आत गेले. चारही टेबलांवरचे कीबोर्ड गायब. माऊस गायब. वायरी मागून ओढून काढलेल्या. कॉम्प्युटरच्या डब्यांवरून ओल्या फडक्याचे ओघळ, आणि फरशीवर पाण्याचं थारोळं. कोपऱ्यात एक राखेची चिमूट पडली होती. राख बघितली आणि मला एकदम सगळं कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. म्हातारीनं कीबोर्ड राखेनं घासलेत. पाण्यात बुडवलेत. उद्या दसरा. झालं भाच्याचं दुकान.

माझा आवाज उपजतच मोठा. मी रस्त्यावर आले आणि जे सुटले ते सुटलेच. "नगं होतं दुकान तर तोंडानं सांगायचं होतं! म्हातारीनं डाव साधला. सून गावाला गेलेली बघून मशीन मारून टाकलं!" आणखीही बोलले. ते आज लिहायची हिंमत नाही. सलूनमध्ये अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक फेसासकट बाहेर येऊन उभं राहिलं. मामा खाली बघत होते. अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

काकू भांड्यांच्या ढिगातून उठल्या. एरवी एका वाटीवरून तासभर भांडणाऱ्या काकू त्या दिवशी हळू आवाजात बोलल्या. "झालं का बोलून? आता माझं ऐक. तुझी सासू पहाटं पाचला माझ्याकडं चिच मागायला आल्ती. मोठं घमेलं घेऊन गेली. म्हणली, सूनबाई माहेरी गेली, तिची अवजारं पारुशी ऱ्हातील. धुतल्याबिगर पूजा कशी व्हईल? म्हणली, घरातल्या बाईनं नगं का बघायला?"

वर्षभर ज्या दारापुढून मान फिरवून गेल्या, त्या दारातल्या वस्तूंना अव्वा अवजारं म्हणाल्या होत्या. सासऱ्यांच्या तेलाच्या मापांना म्हणायच्या तसं. मला इतका आनंद झाला आणि त्याच क्षणी इतकी लाज वाटली की दोन्ही मिळून मला उचकी लागली. उचकी देत देत मी घरी पळाले.

देवघरापुढं पाट मांडला होता. पाटावर सासऱ्यांची पितळी मापं, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं. त्यांच्या शेजारी विळी, कोयता, आमच्या ह्यांचं लाल पेन. आणि मग माझे चार कीबोर्ड. काय चकाकत होते. चिंचेनं आणि राखेनं, काथ्या घेऊन, अव्वांनी ते इतके मनापासून घासले होते की त्यावरची अक्षरंच गेली होती. एकाही बटणावर अक्षर नाही. चारही माऊस शेपटीला धरून दोरीवर वाळत घातले होते, चिमटे लावून.

"बघ, कसं लख केलं," अव्वा म्हणाल्या. चेहऱ्यावर इतका उजेड मी लग्नातही बघितला नव्हता. "कशी गं तू, मळ किती साठला होता. बटनाबटनाच्या मदी चिवडा निगाला." प्रत्येक कीबोर्डवर त्यांनी विभूतीची तीन बोटं ओढली आणि वर नवा खण झाकला. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "उद्या सकाळी मी येते दुकानात. पयलं बटन मी दाबनार. दुकानाचं काय करायचं ते तितंच सांगते."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आता माझी अडचण बघा. कीबोर्ड आतून ओलेचिंब. उद्या सकाळी अव्वा बटण दाबणार आणि काही उमटलं नाही, तर त्यांना कळणार की आपल्या हातानं सुनेचं अवजार मेलं. तेही नवमीला, पूजा करून. ती बाई पुन्हा कधी त्या दारापुढून जाणार नाही, रस्ता बदलेल. दुकान गेलं तर गेलं असतं, भाच्यानं पोती रचली असती. पण अव्वांचा तो चेहरा विझलेला मला बघायचा नव्हता. मी भरगल्लीत जे बोलले होते त्यानंतर तर मुळीच नाही.

आमच्या ह्यांना मोटारसायकलवर नांदेडला पिटाळलं, नवे कीबोर्ड आणायला. ते दुपारी रिकाम्या हातानं परत आले. नांदेडच्या दुकानदारानं सगळा माल मांडून पूजा केली होती आणि शटर ओढता ओढता सांगितलं होतं, उद्या मुहूर्तावर या. "मी तरी काय म्हणू?" आमचे हे म्हणाले. "त्याचंबी बरोबरच हाय."

म्हणजे आहेत तेच वाळवायचे. पण ते खणाखाली देवापुढं. अव्वा जेवून आडव्या झाल्या की काढून घ्यायचे, आणि त्यांच्या जागी काहीतरी ठेवायचं, नाहीतर खण सपाट दिसेल. मी मामांकडं गेले आणि म्हणाले, बुटांच्या खोक्यांची चार झाकणं द्या. मामांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "सूनबाई, चपलांचं खोकं देवघरात? नवमीला? माझ्या सात पिढ्या अनवाणी फिरतील." शेवटी काकूंनी चहाचे चार नवे ट्रे दिले, स्टिकरसकट. "मोडले वाकले तर तुझ्या सासूच्याच गळ्यात मारीन," असंही वर म्हणाल्या. अव्वा घोरायला लागल्यावर आमच्या मास्तरांनी खण उचलला, मी अदलाबदल केली. अख्ख्या संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेलं पहिलं काम हेच असावं. ते इतके घाबरले होते की बाहेर येऊन त्यांनी देवाला सॉरी म्हटलं.

काकूंच्या दुकानामागं पत्र्याची खोली होती. ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रा, आत भट्टी. कीबोर्ड उघडायचे तर पेचकस पाहिजे. मामांचे पेचकस पूजेत. पलीकडच्या सायकलवाल्याचे पूजेत. गावातला पेचकस म्हणून पेचकस त्या दिवशी हळदीकुंकू लावून झोपला होता. काकूंनी एक चमचा दगडावर घासून चपटा केला आणि त्यानं आम्ही एकेक स्क्रू काढला. आतून पाणी निघालं, चिंचेचा कोळ निघाला, आणि एका कीबोर्डातून अख्खा चिंचोका.

मग मी समोर सलूनमध्ये गेले, केस वाळवायचा ड्रायर मागायला. सलूनवाले दादा धर्मसंकटात पडले. कैची, वस्तरा, कंगवे आरशापुढं मांडलेले, सकाळच्या त्या फेसवाल्या गिऱ्हाइकानंतर पूजा झालेली, आणि ड्रायर त्यांच्याच शेजारी, कुंकू लावून.

"वहिनी, एकदा मांडलेलं उचलू कसं?" ते म्हणाले.

"दादा, तुमच्या आज्याकडं ड्रायर होता का?"

"न्हाई. वस्तरा होता."

"मग वस्तरा अवजार. ड्रायर नुसतं सामान."

दादांनी आरशातल्या स्वतःकडं बघितलं. मग म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. वस्तऱ्याला इसावा. ड्रायरचं काय, त्यो तर परवाच घेतलाय, अजून दमलाबी न्हाई." आणि ड्रायर वर्तमानपत्रात गुंडाळून, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून, माझ्या हातात दिला.

दोनच्या ठोक्याला लाइट गेली. भारनियमन. ड्रायर नुसता हातात. मग मामा पुठ्ठ्यानं वारा घालायला बसले, काकू पदरानं एकेक बटण पुसायला लागल्या, दादा आत डोकावून सारखे विचारायचे, वाळलं का. पत्र्याखाली आम्ही सगळे घामानं निथळत होतो आणि मधूनच कुणाला तरी हसू फुटायचं, की मग सगळ्यांनाच. बटणांची अक्षरं गेली होती ते एका परीनं बरंच झालं. चारशेच्या वर बटणं एका परातीत मिसळली होती. कुठलं कुठं लावायचं हा प्रश्नच उरला नाही, बसेल तिथं बसवलं. मला बोटांच्या सवयीनं टायपिंग येत होतं, बघायची गरज नव्हती. पण काकूंनी एक बटण उचलून विचारलं, "हे कशाचं?" आणि मी म्हणाले, "आता ते बी मोकळंच हाय काकू, तुम्ही म्हणाल ते." त्यावर त्या इतक्या हसल्या की परात सांडली.

चार वाजता लाइट आली. दिवस मावळेपर्यंत आम्ही ड्रायर फिरवला. दुकानात नेऊन एकेक जोडून बघितला. पहिला मेलेला. दुसरा मेलेला. तिसरा दोनदा लुकलुकला आणि गेला. चौथा लागला. काही बटणं मुकी होती, पण बरीचशी बोलत होती. मामा दारातच खाली बसले. दादांनी हळूच विचारलं, "हे परत खणाखाली ठिवायला कोण जानार?" तेव्हा अव्वा देवळात पुराण ऐकायला गेल्या होत्या. आमचे हे गेले. या खेपेला न घाबरता.

दसऱ्याच्या सकाळी अव्वा आल्या. हिरवं इरकली लुगडं नेसून, कपाळाला ठसठशीत विभूती लावून. मागून आमचे हे, हातात चार कीबोर्ड, देवाची पालखी आणावी तसे. आणि त्यांच्या मागं तो भाचा, खिशात टेप. मामा, काकू आणि दादा आपापली दुकानं उघडी टाकून माझ्या भिंतीला टेकून उभे होते. एवढ्या लवकर तिघांनाही कॉम्प्युटरचं काय काम निघालं, असं अव्वांनी विचारलं नाही.

काल पहाटेच्या अंधारात त्या आत येऊन गेल्या होत्या, पण उजेडात ती फरशी त्यांनी आज पहिल्यांदा बघितली. सासरे बसायचे ती जागा बघितली, तिथं आता प्रिंटर होता. स्क्रीनवर तीन बोटं विभूती ओढली. अख्ख्या स्क्रीनवर, मला अर्धं दिसेना. वर बेलाचं पान ठेवलं, ते घसरलं, दादांनी परत ठेवलं. मी चालणारा कीबोर्ड आणि दोरीवर वाळून नशिबानं चालू राहिलेला एक माऊस जोडला, कोऱ्या पानाची फाइल उघडली आणि खुर्ची मागं ओढली. अव्वा बसल्या.

"कंचं बटन?" त्यांनी विचारलं.

"कुठलंबी, अव्वा." बरीचशी चालत होती, पण सगळी नाही. काकू माझ्या मागं पुटपुटत होत्या, महादेवा, महादेवा.

अव्वांनी उजव्या हाताचं पहिलं बोट जरा हवेत धरलं आणि खालच्या ओळीतलं एक बटण दाबलं. अंगठा उठवावा तसं, पूर्ण जोर देऊन. स्क्रीनवर 'म' उमटला. अव्वांनी बोट उचललं. दुसरा 'म' उमटला. मग तिसरा. बटण आतून ओलं होतं, खाली गेलं ते वर येईना. म, म, म, म, ओळ भरली, दुसरी ओळ भरली, 'म' धावतच सुटले. पान भरलं, दुसरं पान सुरू झालं. मामांनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, संपलं. आता विचारणार, हे काय झालं म्हणून.

अव्वा पुढं वाकून बघत होत्या. त्या धावत्या ओळींबरोबर त्यांची मान डावीकडून उजवीकडं जात होती. मग त्या आमच्याकडं वळल्या आणि त्यांचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता.

"एकदाच दाबलं मी," त्या म्हणाल्या. "एकदाच. आन् बघा किती काम करायलंय. लई बरकत हाय या मशीनला."

दादांनी तोंडात रुमाल कोंबला. काकू मागच्या मागं दाराबाहेर गेल्या आणि बाहेरून त्यांचं हसणं की रडणं काहीतरी ऐकू आलं. मी "हाव अव्वा, लई बरकत हाय," असं म्हणाले आणि हळूच कीबोर्डची वायर ओढली. अव्वा म्हणाल्या, कागदावर काढ. मी माऊसनं काढला. 'म'नं भरलेला तो कागद त्यांनी चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत ठेवला. मग भाच्याला म्हणाल्या, "टेप ठिव घरी. तुला बसस्टँडकडं गाळा बघू. हितं दुकान हाय."

तेवढंच. 'हितं दुकान हाय.' वर्षभर मी जे ऐकायला खडखड टायपिंग करत होते ते एवढंसं निघालं.

दसऱ्याला धाकट्यांनी आपट्याचं पान द्यायचं आणि मोठ्यांच्या पाया पडायचं. मी पान दिलं आणि वाकले. अव्वांच्या पायांवर डोकं टेकलं आणि मला उठवेना. कालचे माझे शब्द, एकूण एक, डोक्यात फिरत होते. म्हातारी म्हणाले होते मी त्यांना. डाव साधला म्हणाले होते. हे सगळं ऐकलेली माणसं इथंच भिंतीला टेकून उभी होती, आणि त्यांतल्या एकानंही ते अव्वांच्या कानावर घातलं नव्हतं. मला ते सहन होईना. मी त्यांच्या पायांशीच म्हणाले, "अव्वा, काल मी गल्लीत..." आणि पुढं हुंदकाच आला.

अव्वांनी माझा दंड धरला. त्यांच्या हाताला अजून चिंचेचा वास होता.

"ते दुपारी सांग," त्या म्हणाल्या. "ऊठ आदी. गिऱ्हाईक आलंय."